दोन वर्षांनी उघडाल ती वही: पदव्युत्तर अभ्यासासाठी वही कशी निवडावी

पदव्युत्तर अभ्यासाला सुरुवात करताना मी घेतलेली पहिली वही दिसायला देखणी होती. गुळगुळीत पुठ्ठा, पांढराशुभ्र कागद. तिसऱ्या महिन्यात तिची पानं सुटायला लागली. पुढे प्रबंध लिहायला बसलो तेव्हा मला हवी असलेली एक सिद्धता त्या सुट्या पानांच्या गठ्ठ्यात कुठेतरी होती. पानांवर क्रमांक नव्हते, तारखा नव्हत्या. सिद्धतेचा पूर्वार्ध सापडला. उत्तरार्ध अजून सापडायचा आहे.

पदवीपर्यंत वहीचं आयुष्य परीक्षेपुरतं असतं. पेपर झाला की वही रद्दीत. पदव्युत्तर अभ्यासात मात्र पहिल्या सत्रातलं टिपण चौथ्या सत्रात लागतं, आणि पीएचडी करत असाल तर चौथ्या वर्षीही. तेव्हा वही निवडताना आज लिहिणाऱ्याचा विचार जेवढा करायचा, तेवढाच दोन वर्षांनी ती वाचणाऱ्याचाही करायचा. दोघंही तुम्हीच असता, पण दुसऱ्याला आजचं काहीही आठवत नसतं.

आधी एक नेहमीचा प्रश्न निकाली काढू: लॅपटॉप असताना वही हवीच कशाला? २०१४ साली पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा एक अभ्यास खूप गाजला. लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवतात आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडतात, असं त्यात दिसलं. नंतर तेच प्रयोग इतरांनी करून पाहिले. शब्दशः उतरवण्याची सवय पुन्हा दिसली, गुणांमधला फरक मात्र तितका ठळक दिसला नाही. त्यामुळे या अभ्यासाच्या भरवशावर वही घेऊ नका. समीकरणं, आकृत्या, बाण, कंसात घातलेली शंका हे सगळं हाताने पटकन उतरतं म्हणून घ्या. तुमच्या विषयात यातलं काहीच नसेल आणि टंकलेखनाचा हात बसलेला असेल, तर वहीवाचूनही तुमचं काही अडणार नाही.

पहिली पायरी: आठवडाभर काही घेऊ नका

सत्र सुरू होण्याआधीच वह्यांचा गठ्ठा घेऊन ठेवण्याचा मोह होतो. थांबा. पहिला आठवडा साध्या सुट्या कोऱ्या कागदांवर लिहा आणि एका फाइलमध्ये लावत जा. आठवड्याच्या शेवटी ते कागद समोर पसरून पाहा. एका व्याख्यानाला किती पृष्ठं लागली? अक्षर किती मोठं आहे? समीकरणं आडवी पसरतात की मजकूर सरळ खाली उतरतो? मध्येच आकृत्या येतात का? कडेला किती खरडता?

मग हिशेब करा. चौदा आठवड्यांचं सत्र, आठवड्याला दोन व्याख्यानं, प्रत्येकी पाच पृष्ठं धरली तर एका विषयाला १४० पृष्ठं होतात. वाचनाच्या नोंदी आणि सोडवलेली गणितं मिळून आणखी पन्नासेक. म्हणजे १९२ पृष्ठांची वही एका विषयाला पुरते. इथे एक गोम आहे. कुणी ‘पानं’ म्हणताना एक बाजू मोजतो, कुणी पूर्ण कागद. १९२ पृष्ठं म्हणजे ९६ कागद. वेष्टनावरचा आकडा कशाचा, ते मोजून किंवा विचारून घ्या, नाहीतर ऐन सत्रात वही निम्म्यावर संपते.

आकार

ए४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. तो मधोमध दुमडला की ए५, १४८ × २१०. या मालिकेत लांबी-रुंदीचं गुणोत्तर दोनाच्या वर्गमुळाइतकं असतं, म्हणून ए५ वहीची समोरासमोरची दोन पृष्ठं एका ए४ कागदावर नेमकी बसतात. झेरॉक्स काढताना याचं महत्त्व कळतं. या दोघांच्या मधला आकार बी५: आंतरराष्ट्रीय मापाने १७६ × २५०, जपानी मापाने १८२ × २५७. दोन्ही एकाच नावाने विकले जातात, त्यामुळे वहीचं वेगळं आवरण घेणार असाल तर आधी पट्टी लावून पाहा.

वजनाचाही अंदाज घ्या. ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा) एक ए४ कागद जवळपास ५ ग्रॅमचा. म्हणजे ९६ कागदांची वही पुठ्ठा सोडून ४८० ग्रॅम. तशीच बी५ सुमारे ३४०, तर ए५ २४० ग्रॅम. चार विषयांच्या चार ए४ वह्या एकाच दिवशी पाठीवर घ्यायच्या असतील तर जवळपास दोन किलो नुसता कागद झाला.

माझं मत विचाराल तर लांबलचक समीकरणं लिहिणाऱ्यांनी ए४ घ्यावी. ओळ मोडली की चिन्हांच्या चुका वाढतात. बाकी बहुतेकांना बी५ मानवते. ए५ हातात छान बसते, सोबत न्यायला सोपी, पण तिच्यात एक युक्तिवाद तीन पानांवर पसरतो आणि सारखं मागेपुढे करावं लागतं. चर्चासत्रं, मार्गदर्शकांबरोबरच्या भेटी, अचानक सुचलेलं काही, यासाठी ती ठीक. वर्गात मोठी बाकं नसून खुर्चीलाच जोडलेली छोटी फळी असेल, तर उघडी ए४ वही तिच्यावर मावत नाही. तिथे मागे पूर्ण दुमडता येणारी स्पायरलच चालते.

कागद

इथे वेळ घालवा. वहीचं बरंवाईट इथेच ठरतं आणि फसगतही इथेच सर्वात जास्त होते.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. तेवढंच. त्यात दर्जाचा काही संबंध नाही. आकडा जास्त म्हणजे कागद चांगला, हा समज इतका पक्का आहे की वेष्टनावर तोच मोठ्या अक्षरांत छापतात. शाई कागदावर नीट राहते की फुटते, हे ठरतं कागदावर केलेल्या सायझिंगवरून. कागदाच्या तंतूंनी शाई टिपकागदासारखी शोषून घेऊ नये म्हणून लगद्यात किंवा पृष्ठभागावर स्टार्चसारखे पदार्थ देतात, ते सायझिंग. टोमोए रिव्हर हा जपानी कागद अवघ्या ५२ जीएसएमलाही मिळत आला आहे आणि शाईपेनाने लिहिणारे त्याच्यावर जीव टाकतात. शाई त्यावर फुटत नाही. उलट १०० जीएसएमचा जाड पण भुसभुशीत कागद जेल पेनाच्या रेघेलाही मिशा फोडतो.

तरी जाडीला अर्थ आहे, तो वेगळ्या कारणासाठी. कागद पातळ असला की मागच्या बाजूचं अक्षर सावलीसारखं दिसतं. त्याच टोमोए रिव्हरवर ही सावली भरपूर पडते. सावली पडणं आणि शाई आरपार जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरपार गेली तर मागची बाजू वाया जाते. सावलीवर लिहिता येतं, पण फोनने स्कॅन करताना ती नडते. पाठपोट लिहिणार असाल तर ८० जीएसएमच्या आसपासचा, बऱ्या सायझिंगचा कागद ही सुरक्षित निवड. बॉलपेनवर जोर देऊन लिहायची सवय असेल तर ६० ते ७० जीएसएमच्या पानावर मागे अक्षरं उठावासारखी उमटतात, मग सायझिंग कितीही चांगलं असो.

आता चाचणी. एकच वही घ्या, शेवटचं पान उघडा, आणि रोज वापरता ती सगळी पेनं त्यावर चालवा.

एक पूर्ण ओळ लिहा, नुसती रेघ ओढू नका. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ अशी गुंतागुंतीची जोडाक्षरं आणि एखादं लहान घातांकाचं चिन्ह लिहून पाहा. शाई जराशी पसरली तरी सगळ्यात आधी यांच्या पोटातली पोकळी भरून जाते. मग त्याच ओळीवरून पाच सेकंदांनी बोट फिरवा, दुसऱ्या ओळीवरून दहा, तिसऱ्यावरून वीस. फार गुळगुळीत कागदावर शाई उशिरा वाळते. फळ्यावरून भराभर उतरवून पान उलटताना समोरच्या पानावर तिचा ठसा पडतो. डावखुऱ्यांना तर हात लिहिलेल्यावरूनच सरकवावा लागतो. त्यांनी गुळगुळीतपणाच्या मोहात न पडता थोडा खरखरीत, लवकर शोषणारा कागद घ्यावा. नंतर हायलायटर फिरवा: एकदा लगेच, एकदा मिनिटभराने. शेवटी पेन्सिलीने लिहून खोडा. तंतू उपटले गेले आणि तिथे लव उभी राहिली, तर त्या जागी पुन्हा शाईने लिहिता येणार नाही.

मग पान उलटून पाहा, आणि फोनने एक फोटोही काढा. डोळ्याला न खुपणारी सावली कॅमेऱ्याला दिसते.

रंग पांढरा की सायीसारखा पिवळसर, हा बराचसा आवडीचा भाग. दिव्याखाली तासन्‌तास वाचायला पिवळसर बरा वाटतो, रंगीत पेनांनी आकृत्या काढणाऱ्यांना पांढरा. टिकाऊपणाचा प्रश्न मात्र आवडीचा नाही. लाकडातला लिग्निन कागदात राहिला किंवा कागद आम्लयुक्त असला, की तो काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. जुनं वर्तमानपत्र आठवा. वहीवर ‘आम्लरहित’ लिहिलेलं असेल तर उत्तम, आणि आयएसओ ९७०६ या मानकाचा उल्लेख असेल तर तो कागद दीर्घकाळ टिकण्यासाठीच बनवलेला आहे. संशोधनाच्या नोंदींसाठी हे बघा. एका सत्राच्या टिपणांसाठी त्याचा अट्टहास नको.

बांधणी

माझी वही मेली ती इथे. तिची पानं कण्याला नुसती गोंदाने चिकटवलेली होती. अशी वही पहिल्या दिवशी सुबक दिसते, कारण तिचा कणा सपाट आणि चौकोनी असतो. ती पूर्ण उघडावी म्हणून तुम्ही मधोमध दाबता, गोंद तडकतो, आणि मग एकेक पान हातात येतं.

टिकते ती जुजबंदी. चार कागद एकात एक दुमडून त्यांचा सोळा पृष्ठांचा एक जुज होतो, प्रत्येक जुज दोऱ्याने शिवतात आणि असे जुज एकमेकांना बांधून कणा तयार होतो. (१६० किंवा १९२ असे सोळाच्या पटीतले पृष्ठांचे आकडे कुठून येतात, हे वाचून लक्षात आलं असेल.) ओळखायची कशी? वही मिटून कण्याच्या बाजूने वरून पाहा. कागद छोट्या छोट्या जुड्यांत दुमडलेले दिसले तर जुज आहेत. एखाद्या जुजाच्या नेमक्या मध्यावर उघडा, दोरा दिसला पाहिजे. नुसती सरळसोट पानांची थप्पी दिसली तर गोंद. एक पळवाटही माहीत असू द्या: काही वह्यांत जुज असतात पण शिवण नसते, नुसता गोंद असतो. म्हणून दोरा डोळ्यांनी पाहा.

मधोमध पिना मारलेल्या वह्या शंभरेक पृष्ठांपर्यंत छान चालतात. पान फाडू नका एवढंच. एक फाडलं की पलीकडचं जोडीदार पान सुटतं.

स्पायरल वहीची निंदा करायची पद्धत आहे, मी करणार नाही. ती पूर्ण सपाट उघडते, मागे दुमडते, फळीवर मावते. दुहेरी तारेची असेल तर पानं कडेला अडकत नाहीत. तिचे दोन खरे तोटे: दप्तरात तार चेपली की पान उलटेना, आणि उजव्या पानाच्या मागे लिहिताना हात तारेवर येतो. रिंग लावलेल्या फाइलचाही विचार करा. पानं हवी तशी हलवता येतात, शिक्षकांनी दिलेले कागद मध्येच घालता येतात. पण पान हलवण्याची मुभा म्हणजे हरवण्याचीही. शिस्त नसेल तर नको. मला नाही, म्हणून मी वापरत नाही.

आणखी एक बारकावा, जो सहसा कुणी सांगत नाही. कागदाचे तंतू एका दिशेने झोपलेले असतात. ती दिशा कण्याला समांतर असेल तर पानं मऊ वळतात आणि वही उघडी राहते. आडवी असेल तर पानं ताठ उभी राहतात आणि दमट हवेत कण्याजवळ लाटा येतात. एक पान न मोडता आधी उभं, मग आडवं हलकेच वाकवून पाहा. ज्या अक्षावर ते सहज वळतं, ती तंतूंची दिशा.

रेघा

दोन रेघांमधलं अंतर साधारण ६ ते ९ मिलिमीटर असतं. बारीक रेघांची शिफारस बहुधा रोमन लिपीत लिहिणारे करतात. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. ६ मिलिमीटरच्या ओळीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात आणि वर्षभराने ‘सु’ की ‘से’ हे अंदाजाने वाचावं लागतं. मराठीत टिपणं घेत असाल तर ८ मिलिमीटरच्या आसपास राहा. मराठी-इंग्रजी मिसळून लिहिणाऱ्यांनाही तेच बरं.

आकृत्या आणि आलेख जास्त असतील तर ५ मिलिमीटरची चौकडी किंवा ठिपके. ठिपक्यांवर मजकूरही लिहिता येतो, एक ओळ सोडून. कोरी वही मोहक असते, पण घाईत ओळी उतरत्या होतात. कोणतीही घ्या, रेघांची छपाई फिकट हवी. गडद निळ्या रेघा झेरॉक्समध्ये अक्षरांच्या बरोबरीने उठतात.

डावीकडे रुंद समास असलेली वही मिळाली तर घ्या, नाहीतर पट्टीने आखा. कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांची पद्धत यावरच उभी आहे: डावीकडे सुमारे ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात नंतर लिहायचे प्रश्न आणि कळीचे शब्द, उजवीकडे व्याख्यानाची टिपणं, तळाशी दोन ओळींत सार. सार लिहायचा मला कंटाळा येतो. डावा पट्टा मात्र मी कधी सोडला नाही, कारण नंतर शोधताना नजर त्याच पट्ट्यावरून खाली सरकते.

पुठ्ठा वगैरे

पुठ्ठा कडक हवा, म्हणजे मांडीवर ठेवून लिहिता येतं. कोपरे गोल असतील तर दुमडत नाहीत. खुणेची फीत, मागचा खिसा, रबरी पट्टा असले तर ठीक. त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. छापील पृष्ठक्रमांक मात्र मोलाचे.

किती वह्या, आणि त्यात शोधायचं कसं

विषयागणिक एक वही की सगळ्यांना मिळून एक? वर्गातल्या टिपणांना विषयागणिक, वाचन आणि संशोधनाला एकच तारीखवार, असं मी सुचवेन. संशोधनातला विचार कोणत्या विषयाचा, हे सुचताना माहीत नसतं.

तारीखवार वहीत शोधण्याची सोय करावी लागते. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८३२ पासून आपल्या प्रयोगनोंदींच्या परिच्छेदांना सलग क्रमांक दिले आणि तो आकडा सोळा हजारांच्या पुढे नेला. जुन्या प्रयोगाचा संदर्भ द्यायचा तर नुसता क्रमांक लिहायचा. तुम्हाला परिच्छेदांना क्रमांक द्यायची गरज नाही, पण वहीला एक अक्षर आणि पानाला क्रमांक द्या. मग ‘ग ४७’ एवढं लिहिलं की काम भागतं. पहिली चार पृष्ठं अनुक्रमणिकेसाठी मोकळी सोडा आणि ती रोज भरत जा, नंतर एकदम भरू म्हटलं की राहते.

प्रयोगशाळेची नोंदवही हा वेगळाच प्रकार आहे, तिथे वरचे बरेच पर्याय बाद होतात. शिवलेली बांधणी, छापील क्रमांक, न पुसणारी शाई, रोजची तारीख. पान फाडायचं नाही, चूक एका रेघेने खोडायची, रिकामी जागा तिरपी रेघ मारून बंद करायची. स्पायरल किंवा रिंगची वही इथे चालत नाही, कारण पान काढलं की नाही हे सिद्ध करता येत नाही. अमेरिकेत १६ मार्च २०१३ पर्यंत पेटंट आधी शोध लावणाऱ्याला मिळत असे, आणि त्याचा पुरावा म्हणून अशा वह्या कामी येत. आता तिथेही आधी अर्ज करणारा धरला जातो, तरी नोंदींच्या खरेपणासाठी शिस्त तीच आहे. तुमच्या प्रयोगशाळेचे स्वतःचे नियम असतील तर वही घेण्याआधी ते विचारा.

खोडता येणाऱ्या जेल पेनांपासून इथे चार हात लांब राहा. त्यांची शाई सुमारे ६० अंश सेल्सिअसला अदृश्य होते. गरम उपकरणाजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीत वही राहिली, तर आतली पानं कोरी निघू शकतात.

घेतल्यावर

एकदम सहा वह्या घेऊ नका. एक घ्या, महिनाभर वापरा, पटली तर त्याच बनावटीच्या बाकीच्या घ्या. सगळ्या एका आकाराच्या असल्या की फळीवर नीट राहतात आणि स्कॅनही सारखे येतात.

फार भारी वही घेतली की तिच्यात लिहायचा धीर होत नाही. पहिलं पान सुंदर अक्षरात, दुसरं जपून, आणि खरं काम पुन्हा सुट्या कागदांवर. माझ्याकडे अशी एक वही सहा वर्षं जवळजवळ कोरी पडून आहे. यावर उपाय एकच: पहिल्याच दिवशी त्याच वहीत पेनांची चाचणी घ्या, एखादं गणित चुकवून खोडा, म्हणजे भिडेचा प्रश्न मिटतो.

वही भरली की त्याच आठवड्यात फोनने पानं स्कॅन करून एकाच फाइलमध्ये ठेवा. फाइलला वहीचं अक्षर आणि सुरुवातीची-शेवटची तारीख एवढंच नाव पुरे. तेच कण्यावर कागदी पट्टी चिकटवून लिहा. पुठ्ठ्यावर लिहून उपयोग नाही, फळीवर उभ्या वहीचा कणाच तेवढा दिसतो.